साऱ्याची पावती आणि शाळेची भिंत

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या वर्षीच्या मेळाव्यात आम्ही चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यापुढे अध्यापनाची पदविका घेऊन सदतीस वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून मुलांची अक्षरे वळविली आणि सेवानिवृत्त झालो. व्यासपीठावरून विद्वत्ता सांगण्याचा आमचा अधिकार नाही, हे आम्ही जाणून आहोत. परंतु गतवर्षीच्या सर्वसाधारण सभेत एक प्रश्न निघाला होता. त्याचे उत्तर त्या दिवशी आम्हांस सुचले नाही, आणि न सुचल्याची रुखरुख वर्षभर मनात राहिली. आज ती आपल्यापुढे मोकळी करावी एवढाच हेतू आहे.

आपणांपैकी पुष्कळांना तो प्रसंग स्मरत असेल. शिष्यवृत्तीच्या नियमांची चर्चा चालली होती. आपल्या ज्ञातीतील एक कर्तबगार गृहस्थ, ज्यांनी मंडळास सढळ हाताने देणगी दिली आहे आणि ज्यांच्याविषयी आम्हांस आदरच आहे, ते उठून म्हणाले की, शिष्यवृत्ती केवळ गुणांवर द्यावी. मुंबई-ठाण्याची आपली मुले पुढे जातात आणि गावाकडची मागे राहतात, ती जिद्द नसल्यामुळे. खोती जाऊन सत्तर वर्षे झाली, कूळकायदा झाला, जमिनी मिळाल्या, शाळा आल्या. आता तरी जुन्या अन्यायाचे रडगाणे थांबवावे. सभेत टाळ्या पडल्या. आम्हीही, खोटे कशाला सांगावे, दोन टाळ्या वाजविल्या. ठराव या वर्षापर्यंत तहकूब राहिला. घरी परतताना मात्र आमच्या मनात आले की, आपण ज्या दोन गावांत नोकरी केली, त्यांतील फरक केवळ जिद्दीचा होता काय?

दिवाळीच्या सुटीत आमची पुतणी घरी आली होती. ती पुण्यास अर्थशास्त्राच्या एम्. ए. च्या वर्गात आहे. तिच्यापुढे आम्ही हा प्रश्न ठेवला, तेव्हा ती हसून म्हणाली, “काका, तुमच्या या प्रश्नावर मोठमोठ्या विद्वानांनी आयुष्ये वेचली आहेत.” तिने एक इंग्रजी निबंध काढला आणि चार रात्री ओटीवर बसून तो आम्हांस ओळीओळीने समजावून दिला. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर या दोघांचा तो निबंध 2005 मध्ये अमेरिकेतील अर्थशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. बॅनर्जी यांस पुढे 2019 मध्ये इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या मातोश्री मराठी, हे ऐकून आम्हांस उगीचच आनंद झाला. असो.

निबंधाचा विषय समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इंग्रजांनी हिंदुस्थान एकाच दिवशी घेतला नाही. प्रांत जसजसा हाती येई तसतसा तेथील शेतसाऱ्याचा बंदोबस्त ते करीत. बंगाल व बिहार आधी हाती आले. तेथे लॉर्ड कॉर्नवॉलिसने 1793 साली कायमधारा बांधून दिला. जमीनदार हा जमिनीचा मालक ठरला. त्याने रयतेकडून खंड वसूल करावा, त्यातील अकरापैकी दहा हिस्से सरकारात भरावेत, आणि ही रक्कम पुढे कधीही वाढवू नये, असा तो करार होता. कसणाऱ्याशी सरकारचा काही संबंधच उरला नाही. मद्रासकडे सर टॉमस मन्रो यांचे मत निराळे होते. सरकारने थेट शेतकऱ्याशी व्यवहार करावा, त्याच्या शेताची मोजणी करून त्याच्याच नावे सारा बांधावा आणि त्यालाच पावती द्यावी. हीच रयतवारी. पेशवाई बुडाली 1818 मध्ये. तोवर कंपनी सरकारात मन्रोच्या मताचे वजन वाढले होते, म्हणून आपल्या मुंबई इलाख्यात रयतवारी आली. पुढे 1857 चे बंड झाले, आणि अयोध्येकडील तालुकदारांस खूश ठेवावे या विचाराने तेथे पुन्हा जमीनदारांची बाजू घेण्यात आली.

यातील मर्म असे की, कोणत्या जिल्ह्यात कोणती पद्धत आली, हे पुष्कळ अंशी तो जिल्हा कोणत्या साली हाती आला आणि त्या साली साहेबलोकांचे मत काय होते यावर ठरले. जमीन सुपीक की नापीक, लोक उद्योगी की आळशी, हा विचार बहुधा मागाहूनचा. 1820 ते 1856 या काळात जे मुलूख घेतले गेले, त्यांत जमीनदारी बसण्याचा संभव कमी होता. एकाच हवामानाचे, एकाच मातीचे दोन शेजारी प्रांत केवळ तारखेच्या फरकाने दोन वाटांनी गेले. या योगायोगाचाच उपयोग त्या दोघा विद्वानांनी करून घेतला. त्यांनी पूर्वीच्या ब्रिटिश मुलखातील दीडशेहून अधिक जिल्हे घेतले, 1956 ते 1987 या वर्षांतील शेतीचे आकडे तपासले आणि पाहिले की, जमीनदारी जाऊनही तिचा काही मागमूस राहिला आहे काय.

तो राहिला होता. जेथे पूर्वी जमीनदार होते त्या जिल्ह्यांत पाण्याखालील जमीन कमी, खतांचा वापर कमी, सुधारलेल्या बियाणांचा प्रसार कमी आणि एकरी उत्पन्नही कमी. एवढ्यावर थांबले नाही. गावांतून शाळा व दवाखाने कमी आणि तान्ह्या मुलांचे मृत्यू अधिक. लक्षात घ्या, जमीनदारी कायद्याने 1950 नंतर थोड्याच वर्षांत गेली होती. वसूल करणारा जमीनदार राहिला नव्हता, कचेरी राहिली नव्हती. तरीही तीस वर्षांनंतर त्याची सावली पिकावर पडलेली दिसत होती.

आमची पुतणी ज्या ठिकाणी थांबली आणि जेथे आम्ही तिला पुन्हा वाचावयास लावले, ते ठिकाण असे. हा फरक स्वातंत्र्याच्या वेळी जेवढा होता त्याहून पुढे वाढत गेला, विशेषतः 1965 नंतर, म्हणजे सरकारने धरणे, खते, बियाणे आणि कर्जे यांवर पैसा ओतण्यास आरंभ केल्यावर. साधा माणूस म्हणेल की, सरकारी मदत आली की मागासलेला पुढच्याला गाठील. घडले उलट. मदत मागण्याची, मिळविण्याची आणि वापरण्याची सवय ज्या गावांत होती, तेथे ती मुरली. ज्या राज्यांत जमीनदार आणि रयत यांचे जुने वैर होते, तेथे विकासाच्या कामांवर दरडोई खर्चच कमी झाला, असेही त्या निबंधात दाखविले आहे. गावात एकी नसेल, एकाचे हित दुसऱ्याच्या अहितात असेल, तर रस्ता आणि विहीर यांसाठी मिळून अर्ज कोण करणार?

शिक्षकाच्या दृष्टीने या इतिहासात एक पोटकथा आहे. ती सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. मुंबई इलाख्यात 1860 च्या दशकात सरकारी साऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसविण्यात आली. तिला लोकल फंड म्हणत, आणि तिचा सुमारे तिसरा हिस्सा शाळांकडे जाई. खेडोपाडी ज्या जुन्या मराठी शाळा निघाल्या, त्यांच्या पायात हा शेतकऱ्याचा आणा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन केले तेव्हा त्यांची तक्रार हीच होती की, पैसा शेतकऱ्याचा आणि शिक्षणाचा लाभ मात्र दुसऱ्यांस. तक्रार रास्तच होती. परंतु तक्रार करावयास निदान एक आणा तरी होता! बंगालमध्ये जमिनीवर शिक्षणपट्टी बसविण्याची गोष्ट निघाली तेव्हा तेथील जमीनदारांनी 1793 च्या कराराकडे बोट दाखविले. सारा कायमचा ठरला आहे, त्यावर आता एक पैही वाढविता येणार नाही. तेथे प्राथमिक शिक्षणासाठी जमिनीवर पट्टी बसविण्याचा कायदा होण्यास 1930 साल उजाडले. पुढे नामदार गोखले यांनी 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि ते 1912 च्या मार्चमध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. त्याच्या विरोधकांतही बडे जमीनदार होते. ज्याला खंड घ्यावयाचा आहे, त्याला वाचता येणारे कूळ कशास हवे?

आता आपण म्हणाल, गुरुजी, ही बंगालची कथा झाली. आपण तर मुंबई इलाख्यातले, रयतवारीतले. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले. परंतु आपल्या कोकणात खोती होती हे आपण विसरतो. घाटावर पैमाषी होऊन शेतकऱ्याच्या हाती पावती आली, तेव्हा रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतील पुष्कळ गावे खोतांकडेच राहिली. खोत सरकारात सारा भरी आणि कुळाकडून पिकाचा अर्धा किंवा तिसरा वाटा घेई. शिवाय वेठ होती, आणि सणावारी कोंबडी, भोपळा, पेंढा यांची मागणी होती. 1880 मध्ये खोतीचा कायदा झाला, परंतु खोत राहिलाच. काही गावे धारेकऱ्यांची होती. तेथील शेतकरी आपला ठरलेला धारा भरून मोकळा होई. म्हणजे एकाच तालुक्यात, एकाच पावसाखाली, बंगाल आणि मद्रास शेजारी शेजारी नांदत होते! अलिबागेजवळील चरी येथील कुळांनी 1933 पासून सुमारे सहा वर्षे संप करून शेते ओसाड ठेविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. प्रत्यक्षात खोती गेली ती 1949 च्या कायद्याने.

कायद्याने खोती गेली, पण कागदाने गेली काय, हा प्रश्न आम्ही विचारतो. 1 एप्रिल 1957 हा कृषिदिन ठरला. त्या दिवशी जो कसत होता तो मालक, असे कायदा म्हणाला. परंतु आपण कसत होतो हे दाखवावे कशाने? धारेकऱ्याच्या घरी पेटीत आजापणजाच्या नावाच्या पावत्या होत्या. आमच्या आजोबांच्या पेटीत काय होते? एक फेटा, एक ज्ञानेश्वरी आणि एक कातरलेले नाणे. त्यांनी चाळीस वर्षे खंड घातला आणि खोताने एकदाही पावती दिली नाही. पावती मागावी हे त्यांच्या मनातही आले नसेल. पेरलेले भात कोणी कागदावर उतरून ठेवते काय, असे ते म्हणत. आमच्या वडिलांनी तेवढ्या एका कागदापायी मामलेदार कचेरीच्या किती फेऱ्या घातल्या, हे आम्ही लहानपणी पाहिले आहे. अखेरीस अर्धी जमीन नावावर झाली आणि अर्धी गेली. आमचे घर त्यातल्या त्यात नशीबवान म्हणावयाचे.

आता ती दोन गावे. नावे सांगत नाही, कारण दोन्ही गावांचे अन्न आम्ही खाल्ले आहे. पहिले गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी, धारेकऱ्यांचे. 1984 च्या पावसाळ्यात तेथील शाळेची एक भिंत कोसळली. आम्ही पाटलांकडे गेलो. दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली, तिसऱ्या दिवशी एकाने आपल्या वरकस जमिनीचा तुकडा शाळेस दिला, आणि दसऱ्यापर्यंत चिऱ्याच्या दोन नव्या खोल्या उभ्या राहिल्या. लोकांनी दगड वाहिले, बायकांनी माती कालविली. तेव्हा आम्हांला त्यात विशेष असे काही वाटले नाही. गावे अशीच असतात, असे आम्ही समजत होतो.

पाच वर्षांनी बदली झाली ती खोतीच्या गावात. तेथे शाळा देवळाच्या सभामंडपात भरे. एका बाजूस तिसरीचा वर्ग, दुसऱ्या बाजूस भजनाचे सामान. इमारतीस मंजुरी होती, पैसा होता, जागा नव्हती. म्हणजे माळ होता, हवा तेवढा होता, पण सातबारावर खोतांच्या वारसांची अकरा नावे. त्यांतले काही मुंबईस, एक परदेशी, दोघे परस्परांशी न बोलणारे. ज्या वाडीची मुले आमच्याकडे येत, तिची घरेसुद्धा त्याच जमिनीवर उभी. कुळे म्हणत, गुरुजी, भिंत बांधू, पण ती कोणाच्या जागेवर उभी राहणार? उद्या कोणी काढ म्हणाले तर? सात वर्षे आम्ही पत्रे लिहिली. त्या सात वर्षांत एक पिढी सभामंडपातून बाहेर पडली.

त्या शाळेत एक मुलगा होता. हुशार, परंतु आठवड्यातून तीन दिवस गैरहजर. प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात आम्ही स्वतःच्या हाताने ‘आळशी’ असे लिहिले. ते अक्षर आजही आमच्या डोळ्यांपुढे आहे, आणि ते सुंदर आहे याची लाज वाटते. एके दिवशी त्याच्या घरी गेलो. तो डोंगरावर गुरे राखीत होता, कारण बाप मुंबईस गिरणीत होता, 1982 च्या संपात गिरणी सुटली, आणि परत येऊन कसावी अशी स्वतःच्या नावाची जमीन नव्हती. तो मुंबईसच हमाली करीत राहिला. घराभोवती उतार होता, काजूस उत्तम. त्याच सुमारास, 1990 मध्ये, रोजगार हमीतून फळबागा लावण्याची सरकारी योजना आली होती आणि आमच्या पहिल्या गावाने हां हां म्हणता डोंगर आंबा-काजूने भरून टाकला होता. आम्ही उत्साहाने त्या माउलीस म्हणालो, तुम्हीही अर्ज करा. ती म्हणाली, “गुरुजी, झाड आमी लावायचं, नि फळ कोनाच्या नावावर?”

योजना एकच, सरकार एकच, पाऊस एकच. सातबारावर ज्याचे नाव त्याला कलमे मिळाली. पुतणीने 1965 नंतर फरक वाढत गेल्याचे वाक्य वाचले, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे ते दोन डोंगर उभे राहिले, एक हिरवा आणि एक करड्या गवताचा. पहिल्या गावाची मुले त्या काजूच्या पैशावर चिपळूण-रत्नागिरीस महाविद्यालयात गेली. दुसऱ्या गावातील मुले दहावी होऊन मुंबईची गाडी धरीत. आपल्या मंडळाकडे जे अर्ज येतात त्यांत दोन्ही गावांचे असतात, आणि गुणांच्या यादीत कोणते वर असते हे सांगावयास नको.

येथे आम्ही थांबलो असतो तर टाळ्या मिळविल्या असत्या. परंतु शिक्षकाने उत्तर पडताळून पाहावे, अशी आमची शिकवण आहे. रयतवारी म्हणजे रामराज्य, असे कोणी समजू नये. पुण्याकडे प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पहिली आकारणी केली ती निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा 55 प्रमाणे. शेतकरी जमिनी टाकून पळाले. मग गोल्डस्मिड व विंगेट यांनी 1836 च्या सुमारास इंदापुरापासून नव्याने मोजणी करून दर उतरविले आणि ते तीस वर्षांकरिता बांधून दिले. तीस वर्षे सरताच दर पुन्हा वाढले. इकडे अमेरिकेतील यादवी संपून कापसाचा भाव कोसळला, आणि पावती ज्याच्या नावावर त्याचेच शेत सावकाराकडे गहाण पडू लागले. 12 मे 1875 रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. नावावर जमीन असणे म्हणजे ती गमावण्याचाही अधिकार असणे. आणि ज्यांच्या नावावर कोणत्याच पद्धतीत काही नव्हते, त्या बलुतेदार व मजूर बांधवांचा हिशेब तर ना जमीनदारीत धरला गेला ना रयतवारीत.

शिवाय त्या निबंधावरही आक्षेप घेण्यात आले आहेत, आणि ते थेट आपल्या विदर्भाशी संबंधित आहेत. इव्हर्सन, पामर-जोन्स आणि सेन या तिघांनी 2013 मध्ये दाखविले की, मध्यप्रांताची गणना सरसकट जमीनदारीत करणे चूक आहे, आणि ती चूक सुधारली तर शेतीतील फरकाचा निष्कर्ष डळमळतो. मध्यप्रांतात, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागांत मालगुजारी होती. मालगुजार हा गावाचा मालक खरा, परंतु पुष्कळ कुळांस तेथे कायद्याचे संरक्षण होते. भंडारा-गोंदियाकडे जे शेकडो जुने तलाव आहेत त्यांस लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. हा मामा म्हणजे कोणाचा आईचा भाऊ नव्हे, माजी मालगुजारी! कोहळी समाजाच्या कसबी हातांनी बांधलेले हे तलाव मालगुजारांच्या देखरेखीखाली भाताला पाणी पुरवीत. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पुष्कळ ठिकाणी गाळ कोणी काढावयाचा हेच ठरेना. उलट वऱ्हाडात रयतवारीच्या नमुन्याची पद्धत होती. तरी 2006 मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांस विशेष मदत जाहीर केली, त्यांतील वर्धा वगळता पाचही वऱ्हाडातील आहेत. तेव्हा जमीनदार वाईट आणि पावती चांगली, इतके सरळ गणित नाही.

दूरच्या पेरू देशाचे उदाहरण पुतणीने सांगितले ते तर आम्हांस बुचकळ्यात टाकणारे होते. तेथे स्पॅनिश लोकांनी 1573 पासून 1812 पर्यंत ठराविक प्रदेशातील दर सात प्रौढ पुरुषांमागे एकास चांदीच्या व पाऱ्याच्या खाणीत वेठीने राबविले. मेलिसा डेल या विदुषीने 2010 मध्ये दाखविले की, त्या सीमेच्या आतील कुटुंबांचा खर्च आजही बाहेरच्यांच्या मानाने सुमारे चतुर्थांशाने कमी आहे आणि मुलांची वाढही खुंटलेली आहे. वेठ बंद होऊन दोनशेहून अधिक वर्षे झाली! परंतु गंमत अशी की, सीमेबाहेर ज्यामुळे बरे झाले ते मोठे जमीनदारच होते. त्यांनी आपल्या मालासाठी रस्ते मागितले आणि मिळविले. आतल्या गावांकडून रस्ता मागणारे कोणी नव्हते. आम्ही पुतणीस म्हटले, मग तुझा जमीनदार चांगला की वाईट? ती म्हणाली, “काका, जमिनीवर ज्याचा हक्क पक्का, तो मागतो. ज्याचा नाही, तो मागत नाही. बाकीचे त्या त्या देशावर अवलंबून.”

आमच्या देवळातील शाळेचे उत्तर आम्हांस तेथे मिळाले. ज्या वाडीने सात वर्षांत एकदाही आपण होऊन अर्ज केला नाही, तिला आम्ही मनातल्या मनात निरुत्साही म्हणत होतो.

तेव्हा गतवर्षीच्या त्या आदरणीय गृहस्थांस आमचे विनम्र उत्तर असे. जिद्द नाही असे आपण म्हणता, त्याला आमची हरकत नाही. ती नाही हे आम्हीही पाहिले आहे. परंतु ती कोठून यावयाची, याचा शोध घेतला तर तो 1957 च्या कागदापाशी आणि त्याच्याही मागे खोताच्या ओटीपाशी जाऊन पोहोचतो. आपण स्वतः ज्या घरात वाढलात ते धारेकऱ्याचे घर होते, आणि आपल्या वडिलांनी जमिनीचा एक तुकडा विकून आपणांस मुंबईस शिकविले, हे आपणच एका सत्कारप्रसंगी अभिमानाने सांगितले होते. विकावयास तुकडा होता. आमची यात टीका नाही. आपल्या कष्टांबद्दल शंका घेण्याचा आम्हांस अधिकार नाही.

ठरावाविषयी आमची सूचना लहानशी आहे. गुणांचा नियम राहू द्यावा, कारण गुण मिळविणाऱ्या मुलाचा हिरमोड करणे हाही अन्यायच. मात्र शिष्यवृत्ती निधीपैकी तिसरा हिस्सा बाजूस काढावा, आणि अर्जात दोन रकाने वाढवावेत. पहिल्यात विचारावे, राहत्या घराची जागा कोणाच्या नावावर आहे. दुसऱ्यात, घरातील दहावीच्या पुढे गेलेला पहिला माणूस कोण. या दोन उत्तरांवर तो तिसरा हिस्सा वाटावा. तिसरा हिस्साच का, असे कोणी विचारील, तर लोकल फंडाच्या आण्यातून शाळेस तेवढाच मिळत असे, याहून मोठे कारण आमच्यापाशी नाही. आणखी एक. ज्या बांधवांच्या घराखालच्या जागेची प्रकरणे अद्याप कचेऱ्यांत पडून आहेत, त्यांची एक यादी मंडळाने करावी. आपल्या ज्ञातीत चार वकील आहेत आणि दोन सेवानिवृत्त तलाठी येथे पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार दिला तरी पुष्कळ होईल. फायली उचलण्यास आम्ही स्वतः येऊ, अक्षर अजून बरे आहे.

नव्या अर्जाचा नमुना हाताने लिहून दाराशेजारच्या टेबलावर ठेविला आहे. जाताना पाहावा आणि चूक आढळल्यास त्यावरच पेन्सिलीने दुरुस्त करावी. यानंतरचा विषय वार्षिक हिशेबाचा आहे आणि खजिनदार मघापासून घड्याळाकडे पाहत आहेत, म्हणून आपली रजा घेतो.